डेड मून: एक मोनो लेथ, तीन माणसं आणि त्यामागचं अख्खं वायव्य अमेरिका

रेघोटी (धागाकर्ता)

डेड मून या अमेरिकी रॉक बँडबद्दल इथे तुकड्यातुकड्यात बरंच लिहिलं गेलंय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. आधी इतिहास टाकतो. लेथ (रेकॉर्डची मूळ तबकडी कापणारं यंत्र), कटिंग आणि रेकॉर्डिंगवर जाणकारांनी भर घालावी.

बँड १९८७ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू झाला. फ्रेड कोल गिटार आणि गाणं, त्याची बायको टूडी कोल बास आणि गाणं, अँड्र्यू लूमिस ड्रम. फ्रेड तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि त्याची पहिली रेकॉर्ड १९६४ ची. म्हणजे 'नवा बँड' निघाला तेव्हा पुढच्या माणसाच्या गाठीशी वीस वर्षांहून जास्त काम होतं. हे लक्षात न घेता डेड मून ऐकलं की लोक त्याला ग्रंजच्या (नव्वदीच्या सिएटलमधल्या रॉकच्या) आसपासचा बँड समजतात. हिशेब तिथेच चुकतो.

फ्रेडचा जन्म १९४८ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा. पोरवयात तो लास वेगासला होता. तिथल्या 'द वीड्स' या बँडबरोबर तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, ठरलेला कार्यक्रम फिसकटला. व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीतून सुटायला मंडळी कॅनडाकडे निघाली आणि पोर्टलंडला पेट्रोल संपलं. तिथल्याच एका क्लबात टूडी भेटली, १९६७ मध्ये लग्न झालं. पुढे मॅनेजरने बँडचं नाव बदलून 'लॉलीपॉप शॉप' केलं. युनी कंपनीने १९६८ मध्ये 'जस्ट कलर' ही एलपी काढली. तीतलं 'यू मस्ट बी अ विच' आज गराजच्या (साठच्या दशकातल्या कच्च्या, हौशी बँडांच्या रॉकच्या) कुठल्याही गंभीर संग्रहात असतं. नाव बदलणं मॅनेजरच्या हातात, आवाज कंपनीच्या हातात, हा अनुभव पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे असं माझं मत.

मधल्या काळात युकॉनच्या रानात जाऊन राहणं, परत येऊन वाद्यांचं दुकान, 'झिपर' (एलपी १९७५, स्वतःच्या लेबलवर), मग 'किंग बी'. किंग बीने पोर्टलंडला रमोन्सच्या आधी वाजवलं आणि फ्रेडच्या डोक्यात पंक शिरलं. 'द रॅट्स'साठी टूडी बास शिकली, तेव्हा ती तिशीच्या घरात होती. रॅट्सच्या तीन एलपी: १९८०, १९८१, १९८३. त्यानंतर थोडं कंट्री, 'रेंज रॅट्स' नावाने. आणि मग डेड मून.

'इन द ग्रेव्हयार्ड' १९८८ मध्ये आली, त्यांच्याच टूम्बस्टोन लेबलवर. युरोपात जर्मनीच्या म्युझिक मॅनियाकने रेकॉर्ड काढल्या. घरच्यापेक्षा बाहेर जास्त ऐकला गेलेला बँड आहे हा. बँड २००६ मध्ये थांबला, २०१४ पासून पुन्हा उभा राहिला. लूमिस मार्च २०१६ मध्ये गेला, फ्रेड नोव्हेंबर २०१७ मध्ये.

खरखर

उत्तम सुरुवात. प्रभावांचं बोलायचं तर पहिल्या एलपीवरची दुसऱ्यांची गाणी बघा, तिथे सगळा पत्ता लिहिलेला आहे.

'पार्चमेंट फार्म' घ्या. मूळ गाणं मोझ ॲलिसनचं, १९५७ चं, आणि त्याचं नाव 'पार्चमन फार्म'. पार्चमन हा मिसिसिपीतला तुरुंग. १९६८ मध्ये ब्लू चीअर या बँडने ते प्रचंड मोठ्या आवाजात वाजवलं आणि रेकॉर्डवर नाव छापलं 'पार्चमेंट'. डेड मूनच्या रेकॉर्डवरही 'पार्चमेंट'च आहे. म्हणजे गाणं जॅझवाल्याकडून नाही, ब्लू चीअरकडून आलंय. एका अक्षराच्या चुकीवरून वंशावळ कळते.

'हे जो' हे तर १९६६ च्या लॉस एंजेलिसमधल्या प्रत्येक गराज बँडचं हक्काचं गाणं. लीव्ह्जची आवृत्ती धावती, हेंड्रिक्सची संथ. डेड मून संथ बाजूला जातात, पण फ्रेडचा गळा त्यात हेंड्रिक्सचा शांतपणा राहू देत नाही.

या सगळ्याच्या खाली टकोमा-सिएटल-पोर्टलंड हा पट्टा आहे. क्रम असा:

'लुई लुई' रिचर्ड बेरीचं, रेकॉर्ड १९५७ ची. त्याची चाल रेने तुझेच्या 'एल लोको चा चा' वरून. टकोमाच्या वेलर्सनी रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सला घेऊन १९६१ मध्ये ते एटिकेट या स्वतःच्या लेबलवर काढलं. स्थानिक पोरांनी स्वतःचं लेबल काढायचं, ही रीत त्या भागात इतकी जुनी आहे. मग एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलंडच्या किंग्समेननी तेच गाणं पन्नासेक डॉलरमध्ये रेकॉर्ड केलं. माइक छताजवळ टांगलेला, जॅक ईली मान वर करून ओरडतोय. सोलोनंतर तो ठरल्यापेक्षा आधीच सुरू होतो, थांबतो, ड्रमर मधली जागा भरून काढतो. ती चूक तशीच ठेवली आणि आज ती चूकच गाण्याची ओळख आहे. वाजवायला ए, डी, ई मायनर, डी. मधला कॉर्ड ई मेजर केलात तर गाणं लगेच गुळगुळीत होतं, करून बघा.

मग सॉनिक्स हा बँड. १९६० पासून टकोमात, 'द विच' १९६४ अखेर, पहिली एलपी १९६५, तीही एटिकेटवरच. सिएटलला कर्नी बार्टनच्या स्टुडिओत दोन ट्रॅकच्या टेपवर, ड्रमच्या अख्ख्या संचाला एक माइक. जेरी रोझलीची किंकाळी आणि लॅरी पारिपाची फाटकी गिटार कानात घेऊन फ्रेडचं गाणं ऐका, एकाच मातीचं वाटतं.

तिसरा_सूर

सहमत, एक पुरवणी. सगळं 'गराज' या एका शब्दात कोंबू नका. 'इन द ग्रेव्हयार्ड' वर प्रेस्लीचं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' पण आहे आणि ते गंमत म्हणून घेतलेलं नाही. कंट्री आणि जुन्या प्रेमगीतांचा धागा काढून टाकला तर टूडी-फ्रेडचं एकत्र गाणं समजतच नाही. दोघांचे आवाज सुरात नेमके जुळत नाहीत, थोडे घासतात, आणि ताकद त्या घासण्यातच आहे.

अवांतर: '५४/४० ऑर फाइट' या गाण्याच्या नावाचा अर्थ बऱ्याच जणांना लागत नाही. १८४० च्या दशकात ओरेगनची हद्द ५४ अंश ४० मिनिटांपर्यंत हवी, नाहीतर युद्ध, अशी घोषणा होती. १८४६ मध्ये ब्रिटनशी तडजोड झाली आणि हद्द ४९ अंशावर ठरली. स्थानिक माणसाने स्थानिक इतिहासातून उचललेलं नाव आहे.

नवखा_श्रोता

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. ऐकायला कुठून सुरुवात करू? आणि 'फ्रेड स्वतः रेकॉर्ड कापायचा' म्हणजे नेमकं काय करायचा?

तिसरा_सूर

पहिल्याचं उत्तर: सब पॉपने २००६ मध्ये काढलेला 'एकोज ऑफ द पास्ट' हा दोन सीडींचा संग्रह. मग 'इन द ग्रेव्हयार्ड', 'अननोन पॅसेज' (१९८९), 'डिफायन्स' (१९९०) याच क्रमाने. लाइव्हमध्ये 'हार्ड वायर्ड इन लुब्लियाना'. 'डेड मून नाइट' हे गाणं आधी स्टुडिओतलं ऐका, मगच लाइव्ह.

लेथमास्तर

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे.

फ्रेडकडे १९५४ ची प्रेस्टो-८८ मोनो लेथ होती (मोनो म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, एकच आवाज). किंग्समेनचं 'लुई लुई' याच यंत्रावर कापलं गेलं असं सांगतात. रेकॉर्ड छापण्याआधी एक मूळ तबकडी कापावी लागते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर असतो, तिला लॅकर म्हणतात. बारा इंची एलपीसाठी लॅकर चौदा इंची घेतात, म्हणजे कडेची जागा हाताळायला आणि चाचणीला मिळते. लेथवर ही चकती फिरते, वर कापणारी सुई असते, ती टेपवरच्या आवाजानुसार डावी-उजवी हलत एकच लांबलचक रेघ कापत आत सरकते.

कामाचा क्रम असा. प्लॅटर पाणसळीने सपाट करायचं. सुई तापवणारी तार चालू करायची; गार सुईने कापलं तर रेघेच्या भिंती खरखरीत निघतात आणि सगळ्या गाण्यामागे 'स्स्स' येतो. कडेला दोन-चार फेरे कोरे कापायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. रेघेची रुंदी ६० मायक्रॉनच्या आसपास हवी. सुईचा कोन साधारण ९० अंशांचा, म्हणून खोली रुंदीच्या निम्मी, ३० मायक्रॉन. रेघ चकचकीत काळी दिसली तर ठीक. राखाडी दिसली तर सुई बोथट आहे किंवा उष्णता कमी पडतेय.

कापताना निघणारी केसासारखी तार नळीने ओढून घ्यावी लागते. ती सुईखाली अडकली की तबकडी गेली. शिवाय ती भयंकर ज्वालाग्राही असते, म्हणून बरणीत पाणी ठेवून त्यात जमा करतात. कोरड्या डब्यात कधीही साठवू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अपोलो मास्टर्सचा लॅकरचा कारखाना जळाला आणि जगात असा एकच मोठा कारखाना उरला, जपानात.

आता हिशेब. इंचाला २०० रेघा धरल्या तर दोन रेघांमधलं अंतर १२७ मायक्रॉन. त्यातले ६० रेघेचे, उरलेल्या ६७ मध्ये आवाजाची हालचाल बसवायची. बारा इंचीवर कापायला साधारण ८.६ सेंमी पट्टा मिळतो, म्हणजे ६७७ फेरे. मिनिटाला ३३⅓ ने भागलं की २० मिनिटं. बाजू २४ मिनिटांची झाली तर रेघा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज खाली आणावा लागतो. नव्या लेथ हे अंतर गाण्यानुसार कमी-जास्त करतात. जुन्या साध्या यंत्रावर अंतर एकदा ठरवलं की ठरलं, म्हणून एका जोरकस बास सुराने शेजारची रेघ फोडली तर अख्खी बाजू पुन्हा. अशा यंत्रावर काम करणारा माणूस गाण्यांची लांबी आणि क्रम आधी कागदावर ठरवतो.

नवखा_श्रोता

क्रमाचा काय संबंध?

लेथमास्तर

कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी रेघ जाते. लेबलजवळ तीच २१ सेंमी. फेरे तेवढेच, पण परीघ लहान. तेवढ्याच वेळेचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो, त्यामुळे झांजा आणि 'स', 'च' फाटतात. म्हणून सगळ्यात कर्कश गाणं पहिलं, संथ शेवटचं.

कापण्याआधी ४० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, १५ किलोहर्ट्झच्या वरचं हळूहळू उतरवायचं, आणि ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर ('स'ची धार कमी करणारं यंत्र) लावायचा. गायकाचा 'स' हा लेथचा सगळ्यात मोठा शत्रू, कारण आरआयएए वळणामुळे (रेकॉर्ड कापतानाच्या ठरलेल्या प्रमाणामुळे) वरचे सूर कापताना आणखी वाढवले जातात. फाटक्या गिटारची वेगळी अडचण. तिच्यात मोठ्या-लहान आवाजाचा फरक फार नसतो, सतत जोर असतो. कटिंग हेडच्या (सुई हलवणाऱ्या भागाच्या) कॉइल तापतात. अशा वेळी २-३ डेसिबल खाली कापावं, हेड जळण्यापेक्षा ते बरं.

मोनोचा फायदा इथे दिसतो. स्टिरिओत दोन बाजूंतला फरक सुईला वर-खाली हलवतो. खोल बास एका बाजूला असला तर रेघ उथळ होऊन सुई उडते. मोनोत वर-खाली काहीच नाही. रेघेची खोली एकसारखी राहते आणि बासला निर्धास्त जोर देता येतो. टूडीचा बास एवढा पुढे असूनही सुई उडत नाही, त्याचं एक कारण हे.

लॅकर कापून झालं की लवकरात लवकर प्लेटिंगला (धातूचा थर चढवायला) पाठवायचं, आठवडाभर कपाटात ठेवायचं नाही. थर मऊ असतो, रेघा किंचित सरकतात आणि गाणं सुरू व्हायच्या एक फेरा आधी त्याची पुसट सावली ऐकू येते. पुढे चांदीचा फवारा, निकेलचा उलटा ठसा, त्यावरून सुलटी 'मदर', तिच्यावरून स्टँपर, म्हणजे रेकॉर्ड छापणारा साचा. एका स्टँपरवर हजारभर प्रती धराव्यात.

खरखर

+१. ऐकणाऱ्यांसाठी जोडतो. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) वाजवली तर वर-खाली हालचालीतला कचरा (धूळ, ओरखडे, मोटरची घरघर) विनाकारण ऐकू येतो. अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर दोन वाय केबल (दोन तारा एकात मिळवणाऱ्या) पाठीला पाठ लावून कार्ट्रिज आणि फोनो प्रीअँपच्या मध्ये घाला. प्रीअँपच्या आउटपुटनंतर मात्र असं कधीही जोडू नका, दोन आउटपुट एकमेकांत ढकलतात आणि आवाज फाटतो.

संगणकावर घेत असाल तर २४ बिट, शिखर उणे ६ डेसिबलवर, आणि डावं-उजवं मिळवून दोनाने भागा. मिळवल्यावर झांजा मंद वाटल्या तर कार्ट्रिज तिरकं बसलेलं असू शकतं. आधी ते सरळ करा. नॉइज रिडक्शन लावू नका, लूमिसच्या झांजेची शेपूट त्यात पहिल्यांदा जाते.

शेवटच्या गाण्यात 'स' फाटत असेल तर प्रेसिंगला दोष देण्याआधी सुई तपासा. ६६ आणि १२०.९ मिमी त्रिज्येवर कार्ट्रिज रेघेशी समांतर हवं. वजन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. कमी वजन रेकॉर्ड वाचवतं हा गैरसमज आहे. उडणारी सुई रेघेच्या भिंती जास्त खाते.

फाटका_कोन

रेकॉर्डिंगची बाजू राहिली. तिघांचा बँड एका खोलीत मोनोत घ्यायचा असेल तर:

ड्रमला एक माइक. बेस ड्रमच्या पुढे एक मीटर, जमिनीपासून एक मीटर उंच, तोंड स्नेअरकडे (मधल्या खणखणीत ड्रमकडे). झांजा अंगावर येत असतील तर माइक झांजेच्या पातळीच्या खाली आणा. बेस ड्रम हरवला तर ६० सेंमीपर्यंत खाली. इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक हलवा. दहा सेंमीने होणारं काम कुठल्याही बटणाने होत नाही.

गिटारला १२-१५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप, आवाज पूर्ण. शंभर वॉटचा अँप लहान खोलीत फाटायच्या आधीच ड्रमच्या माइकमध्ये घुसतो, मग गिटार वेगळी कमी-जास्त करता येत नाही. माइक कापडापासून ५ ते १० सेंमी, कोनच्या मध्य आणि कडेच्या अधेमधे. बासला डीआय (गिटार थेट मिक्सरला जोडणारी पेटी) किंवा माइक, दोन्हीपैकी एक. दोन्ही एकत्र मोनोत मिसळले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकू शकतात. मिक्स एकाच स्पीकरवर ऐका. दोन स्पीकरवर मोनो ऐकताना मधोमध एक खोटा आवाज तयार होतो आणि गायक आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

स्पीकर फाडण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. लिंक रेने १९५८ च्या 'रंबल'साठी पेन्सिलीने भोकं पाडली, किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेडने चिरा दिल्या, सॉनिक्सचीही अशीच ख्याती. करायचंच तर टाकाऊ स्पीकरवर, कागदी कोनच्या बाहेरच्या निम्म्या भागात, मध्यातून कडेकडे जाणाऱ्या २-३ सेंमीच्या तीन-चार चिरा. मध्याजवळ ब्लेड गेलं की व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) वाकडी होते, घासते आणि शेवटी तार तुटून स्पीकरचं सर्किट उघडं पडतं. तो अँपचा एकमेव स्पीकर असेल तर व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, कारण त्याला लोडशिवाय चालवता येत नाही.

नवखा_श्रोता

अमेरिकेतून जुना अँप आणला तर आपल्याकडे चालेल का? आणि जुना टर्नटेबल?

फाटका_कोन

अँप: मागची पाटी वाचा. १२० व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागेल. ४०-५० वॉटचा व्हॉल्व्ह अँप भिंतीवरच्या प्लगमधून दीडशे-दोनशे वॉट ओढतो, म्हणून ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पाटीवर फक्त '६० हर्ट्झ' असेल, '५०/६०' नसेल, तर आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो. अर्धा तास चालवून वरून हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर ट्रान्सफॉर्मर बदलून घ्या. अर्थिंग स्टेप-डाउनमधून आरपार आलंय का ते मल्टिमीटरने तपासा. घुंऽऽ आवाज घालवायला अर्थची पिन तोडणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गायकाचे ओठ माइकला आणि हात गिटारच्या तारांना एकाच वेळी लागतात. गुणगुण घालवायची तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेचं अर्थ तेवढं सोडवणारं बटण) वापरा, सगळी यंत्रं एकाच पॉइंटवर लावा.

लेथमास्तर

टर्नटेबलचं: सिंक्रोनस मोटर असेल तर तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो. ६० साठी बनलेली मोटर ५० वर ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे घेते. गाणं तीन अर्ध्या सुरांहून (सेमिटोन) जास्त उतरतं. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने हे सुटत नाही, तो हर्ट्झ बदलत नाही. मोटरवरची पुली ५० हर्ट्झची घ्यावी लागते, तिचा व्यास १.२ पट. लेथलाही हाच नियम.

तिसरा_सूर

थोडी पुढची गोष्ट, म्हणजे इतिहास पुरा होईल. २००७ मध्ये फ्रेड-टूडीने केली हॅलिबर्टनला ड्रमवर घेऊन 'पिअर्स्ड ॲरोज' काढला. पहिली एलपी २००८ ची, पुन्हा टूम्बस्टोनवर. सिएटलचा बँड पर्ल जॅम डेड मूनचं 'इट्स ओके' मंचावर वाजवत आलाय, आणि पुष्कळ लोक तिथूनच डेड मूनकडे येतात. सॉनिक्स १९६० चे, पण २०१५ ची त्यांची एलपी जिम डायमंडने मोनोतच केली.

नवखा_श्रोता

शेवटचं एक. ड्रमवर मेणबत्ती का दिसते सगळ्या फोटोंत?

रेघोटी

लूमिसच्या बेस ड्रमवर जॅक डॅनियल्सची रिकामी बाटली आणि तिच्या तोंडात मेणबत्ती. कार्यक्रम सुरू होताना पेटवायची. बाटलीवर आधीच्या रात्रींचं मेण ओघळून थरावर थर बसलेलं असायचं. जवळून काढलेला फोटो मिळाला तर काचेपेक्षा मेणच जास्त दिसतं.